गेटला टांगलेली पिशवी

ताई, स.न.वि.वि.

आमची कॉलनी जुळे सोलापुरात. मी निवृत्त, वय 67. शेजारी अण्णा, बावीस वर्षांचा शेजार. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या धाकट्याने अकलूजच्या बाजारातून घोडी आणली आणि आमच्या दोघांच्या घरांमधल्या मोकळ्या प्लॉटवर (मालक पुण्याला असतात) पत्र्याचं शेड मारलं. पोरगं रोज सकाळी साडेसहाला आणि संध्याकाळी तिच्यावर बसून निघतं आणि बरोबर आमच्या गेटसमोर शेण पडतं. सौ.ची रांगोळी जाते. उन्हाळ्यात गच्चीवरच्या कुरडयांवर त्याचा भुसा उडून येतो. स्वयंपाकघरात माश्या. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "घोडं आहे की हो ते, संडासात जाऊन बसणार आहे का!" शेवटी संक्रांतीच्या आठवड्यात मी ते शेण कॅरीबॅगमध्ये भरलं आणि त्यांच्या गेटला टांगलं. तेव्हापासून बोलणं बंद. सिद्धेश्वराच्या यात्रेतल्या अक्षता सोहळ्याला इतकी वर्षं जोडीने जायचो, यंदा वेगवेगळे गेलो. कॉलनीच्या ग्रुपवर रोज शेणाचे फोटो पडतात. कुणी म्हणतं पालिकेत तक्रार करा, कुणी म्हणतं शेडमागे फटाक्यांची लड लावा, घोडं आपोआप जाईल. मागच्या महिन्यात तर नातू सायकल घेऊन बाहेर पडत होता, घोडी इतक्या जवळून पळत गेली की पोरगं सायकलसकट भिंतीला चिकटलं. काय करावं? कायदा काय म्हणतो?

एक त्रस्त रहिवासी

काका, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानी होतं, वर जागेपुरतं घेतलंय. मूळ पत्रात 'शेण' हा शब्द मी मोजला, अकरा वेळा आलाय. नातवाचं वाक्य एकच, अगदी शेवटाकडे, आणि तेही 'मागच्या महिन्यात तर' म्हणून जाता जाता जोडलेलं. मी तेच तीनदा वाचलं. अण्णांशी तुमचं जे वाजलं ते त्या अकरा वेळा आलेल्या गोष्टीवरून. ही दुसरी गोष्ट त्यांच्या कानावर गेलीच नसावी, असा माझा अंदाज आहे. पिशवी टांगायच्या आधी किंवा नंतर तुम्ही नातवाचं काही बोललात का? पत्रात तरी तसं दिसत नाही.

पण आधी लिदीचं बघू, कारण ते मिटण्यासारखं आहे.

हो, लीद. गाई-म्हशीचं शेण, घोड्या-गाढवाची लीद, शेळ्या-मेंढ्यांच्या लेंड्या. जनावरं पाळणाऱ्यांनी ही नावं वेगळी ठेवली ती उगाच नाही. गाय रवंथ करते, चारा चार कप्प्यांतून फिरतो, म्हणून तिचं शेण सारवता येण्याइतकं मऊ. घोडा रवंथ करत नाही. त्याच्या लिदीत काड्या काड्या दिसतात आणि गवताचं बी पुष्कळदा जसंच्या तसं बाहेर येतं. तुमच्या गेटच्या कडेला पावसाळ्यात कधी न पाहिलेलं गवत उगवलं असेल, तर ते घोडीच्या वैरणीतून आलेलं असू शकतं. आता या दिवसांत सकाळी ती पडते तेव्हा हिरवट-पिवळ्या लाडवांचा ढीग असतो, वाफ निघत असते. दुपारी बारापर्यंत आपलं ऊन तिला वरून पांढुरकी करून टाकतं. मग एखादी स्कूटी त्यावरून गेली की लाडू फुटतो, आतला भुसा मोकळा होतो आणि वाऱ्याबरोबर गच्चीवर चढतो. काकूंच्या कुरडयांवर आला तो हाच. म्हणजे जे काय उचलायचं ते पहिल्या तासा-दोन तासांत उचललं पाहिजे. 'संध्याकाळी झाडून घेतो' हे उत्तर अण्णांनी दिलं तर चालवून घेऊ नका.

पाणी मात्र कुणी मारू नये. नळाला रोज पाणी न येणाऱ्या गावात ते परवडत नाहीच, शिवाय लीद फुगते, पसरते आणि गटारीत जाऊन बसते. कोरडी उचलायची. पत्र्याचं सुपडं, खराटा, घमेलं, दोन मिनिटांचं काम. मूत पडलं असेल तिथे मूठभर राख नाहीतर कोरडी माती.

माश्यांचा हिशेब वेगळा आहे, आणि इथे तुमच्या ग्रुपवरचे सगळे फोटोग्राफर चुकलेत. माशीला अंडी घालायला ओल लागते आणि उकाड्यात अंड्यापासून उडती माशी व्हायला आठ-दहा दिवस जातात. रस्त्यावरचा ढीग आपल्या उन्हात एवढे दिवस ओला राहत नाही. तुमच्या स्वयंपाकघरात येतात त्या माश्या शेडच्या मागून येत असणार. तिथे उकिरडा आहे असं तुम्ही लिहिलेलं नाही, पण तो असणारच. एक घोडं दिवसाला बारा-पंधरा किलो लीद टाकतं, महिन्याला चार क्विंटल. तुमच्या गेटसमोर पडते ती त्यातली किती? बाकीची कुठे जाते, हे दोन वर्षांत एकानेही विचारलं नाही!

तो उकिरडा दर आठवड्याला उठला पाहिजे आणि उठेपर्यंत ताडपत्रीखाली राहिला पाहिजे. अण्णांकडे मागायचं असेल तर हे मागा. घ्यायला माणूस मिळतो. नर्सरीवाले नेतात, सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबवाल्यांना चांगलं कुजलेलं खत कधी नको असतं? ताजी लीद मात्र झाडाला घालू नये, गरम पडते, मुळं जळतात. दोन-तीन महिने कुजू द्यावी लागते आणि ते कुजणं शेतावर व्हावं, तुमच्या खिडकीखाली नको. एखाद्या शेतकऱ्याचा टेम्पो ठरला की अण्णांची अडचणही जाते आणि चार पैसेही सुटतात.

आणखी एक गोष्ट, ही मला पुस्तकातून कळलेली नाही. आमच्या लहानपणी स्टेशनबाहेर टांगे उभे असत. वडिलांच्या ओळखीचे एक टांगेवाले चाचा होते, त्यांच्या घोड्यामागे पोत्याची झोळी बांधलेली असे. लीद झोळीत, रस्ता कोरडा. मला त्या झोळीची फार गंमत वाटायची. ते सांगायचे, घोडं ठाणातून सुटलं की अंगात वारं शिरतं आणि पहिलं पोट मोकळं करतं, म्हणून जोडायच्या आधी त्याला दहा मिनिटं नुसतं फिरवायचं. तुमच्या गेटसमोरच का पडतं, याचं उत्तर एवढंच असावं. घोडी शेडमधून निघते आणि वीस-पंचवीस पावलांवर तुमचं गेट आहे. त्यात अण्णांच्या पोराचा काही डाव असेल असं मला वाटत नाही. त्याने खोगीर चढवायच्या आधी तिला त्याच प्लॉटमध्ये दहा मिनिटं हातात धरून फिरवलं, तर बरीचशी लीद तिथेच पडेल. हे त्याला सांगायला हवं. पोरगं बाजारातून घोडी घेऊन आलं, चाचा कुठून आणणार?

काकूंना धनुर्वाताची भीती वाटते असंही पत्रात होतं. भीती निराधार नाही. धनुर्वाताचे जंतू घोड्याच्या आतड्यात आणि लिदीत असतात, पण ते साध्या मातीतही असतात आणि अंगात शिरतात ते जखमेतून. वासाने किंवा पाय पडल्याने काही होत नाही. नातू दहा वर्षांचा आहे म्हणता, तर त्याची दहाव्या वर्षाची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस झाली का ते कार्डावर बघा. पुढची सोळाव्या वर्षी असते. आणि एकदा चांगल्या सुरात अण्णांना हेही विचारा की घोडीच्या रक्ताची ग्लँडर्ससाठी तपासणी झाली आहे का. हा रोग घोड्यातून माणसाला होऊ शकतो. झाली नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करता येते.

आता पिशवी.

काका, तिथे तुमचं चुकलं. तुम्हालाही ते माहीत आहे, नाहीतर चार पानं लिहिली नसतीत. सणाच्या आठवड्यात बावीस वर्षांच्या शेजाऱ्याच्या दारावर घाण टांगणं म्हणजे काय, हे सोलापुरात कुणाला समजावून सांगायला नको. अण्णांचं संडासाचं उत्तर उर्मट होतं, कबूल. पण ते उत्तर दोघांतच राहिलं असतं. पिशवी अख्ख्या गल्लीने पाहिली. त्यांच्या घरातल्या बाईने सकाळी गेट उघडलं असेल आणि पहिला हात तिचाच लागला असेल, याचा विचार केलात? ती तर तुमच्याशी कधी भांडलीही नव्हती.

गंमत अशी की याच पत्रात तुम्ही लिहिलंय, दरवर्षी वाखरीला रिंगण बघायला जाता. तिथे अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती आपण वाकून कपाळाला लावतो. मीही लावलीय. तुम्हाला टोचायला नाही म्हणत. घोड्याचं तुम्हाला वावडं नाही, एवढंच यावरून मला दिसतं, आणि अण्णांच्या धाकट्याला हे ठाऊक असेल असं वाटत नाही. त्याच्या दृष्टीने तुम्ही घोडं हाकलायला निघालेले काका आहात.

आता नातवाचं, म्हणजे ज्यासाठी मी एवढं लिहितेय ते.

कॉलनीच्या आतल्या रस्त्यावर घोडी पळवायची नाही. यात घासाघीस नको. लिदीच्या बाबतीत तुम्ही चार पावलं मागे या, वेळेचं जमवून घ्या, आठवड्यातून एखादा दिवस चुकला तर तुम्हीच घमेलं उचला, माझी हरकत नाही. पण पळवण्याच्या बाबतीत एक पाऊलही मागे येऊ नका. घोडी साडेतीनशे-चारशे किलोची असते. तिला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त बरोबर मागचं आणि थेट नाकासमोरचं दिसत नाही. भटकं कुत्रं अंगावर आलं, मागून कुणी हॉर्न वाजवला, गेट खाडकन उघडलं, की ती आधी उधळते आणि मग बघते काय होतं ते. त्यात सिमेंटचा रस्ता. लोखंडी नाल त्यावर साबणासारखी सरकते. पडली तर स्वार गेला, समोरचं पोर गेलं, आणि पाय मोडलेलं घोडं सहसा वाचत नाही, म्हणजे तीही गेली. पोराला शेवटचं वाक्य सांगा. सतरा-अठराच्या वयात स्वतःचा जीव स्वस्त वाटतो, घोडीचा वाटत नाही.

कॉलनीत फक्त चालत, दुडकीसुद्धा नको. पळवायची हौस मोकळ्या मैदानावर किंवा गावाबाहेर मातीच्या रस्त्यावर. वळणावर मोबाइल खिशात. (संध्याकाळच्या फेरीत रील बनवणं चालतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, पण घोडी घेतलेल्या पोराला ओळखते मी.)

याची दुसरी बाजू कॉलनीने सांभाळायची. घोडी समोरून येताना गाड्या हळू घ्यायच्या, हॉर्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 132 मध्ये एक गोष्ट आहे जी ग्रुपवरच्या कुणाला माहीत नसेल: जनावर बिथरेल अशी भीती वाटून त्याच्याबरोबरच्या माणसाने थांबायला सांगितलं, तर गाडीवाल्याने थांबायचं असतं. तो कायदा अण्णांच्या पोराच्या बाजूचा आहे. तुम्हीच त्याला सांगितलात तर त्याला आश्चर्य वाटेल, आणि वाटू द्या.

तुमच्या बाजूचा कायदाही विचारलात. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिचं कलम 292 सार्वजनिक उपद्रवाचं, दंड हजार रुपयांपर्यंत. लिदीची गाडी फार तर तिथवर जाईल. कलम 291 मात्र असं आहे की आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका असताना खबरदारी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बेदरकारपणे गाडी हाकण्याच्या कलम 281 मध्ये स्वारी करणंही धरलेलं आहे, तिथेही सहा महिने. म्हणजे लिदीला हजार रुपये आणि पळत्या घोड्याला कोठडी. कायद्याचा तराजूही नातवाकडेच झुकतो, बघा.

पालिकेच्या झोन ऑफिसात लेखी अर्ज देता येतो, उकिरड्यासाठी तो उपयोगी पडेल. त्याहून पुढे कार्यकारी दंडाधिकाऱ्यांकडे उपद्रव हटवण्याचा आदेश मागता येतो. पण यातलं काहीही सुरू केलंत की तारखा, पंचनामे आणि जबाब चालू होतील, आणि तेवढा काळ घोडी त्याच रस्त्यावरून जात राहील. पुण्याच्या प्लॉटमालकाला फोन करायचा सल्लाही कुणीतरी देईल. शेड आठ दिवसांत उठेल, खरंय. मग अण्णा घोडी आपल्या पोर्चमध्ये बांधतील आणि ती त्याच रस्त्यावरून जात राहील. वाट्टेल ते करून बघितलं आणि पळवणं थांबलंच नाही, तर मात्र पोलीस ठाण्यात जा, आणि अर्ज फक्त पळवण्याचा द्या. त्यात लिदीचा उल्लेखही नको, नाहीतर समोरचा साहेब तेवढंच वाचेल आणि हसेल.

लड लावा म्हणणाऱ्याला आजच्या आज ग्रुपवर उत्तर द्या, आणि ते तुम्हीच द्या. जनावर मेलं किंवा जायबंदी झालं तर कलम 325 आहे, पाच वर्षांपर्यंत. शिवाय पत्र्याच्या शेडमध्ये लड वाजली की दावं तोडून घोडी कुठे पळेल? त्याच रस्त्यावर, शाळेच्या वेळी. ते फोटोही बंद करा. दोन वर्षांत फोटोने एक लाडूसुद्धा उचलला गेलेला नाही.

तेव्हा असं करा. रथसप्तमी अजून व्हायची आहे आणि तिळगूळ तोपर्यंत देता येतो. संध्याकाळी, पोरगं घोडी फिरवून परत आलं की, काकूंना बरोबर घेऊन अण्णांकडे जा. पहिलं वाक्य, "अण्णा, पिशवीचं चुकलं माझं." तिथेच थांबा. त्याला 'पण' जोडू नका. ते काहीतरी बोलतील, कदाचित घालून पाडून बोलतील, ऐकून घ्या. चहा आला की नातवाची सायकल भिंतीला कशी चिकटली तेवढं सांगा, जसं घडलं तसं, आवाज न चढवता. शक्य असेल तर नातवालाच घेऊन जा. लिदीचं त्यानंतर काढा: वैरण घालायला येणारा माणूस असेल तर सकाळची फेरी झाल्यावर सुपडं-घमेलं घेऊन एक चक्कर, आठवड्याचा टेम्पो, आणि खोगिराआधी दहा मिनिटं प्लॉटमध्ये. टेम्पोवाला मीच बघतो म्हणालात तर अण्णांना नाही म्हणणं जड जाईल.

आणि काका, चार पानांत एकदाही तुम्ही घोडीचं नाव लिहिलेलं नाही. दोन वर्षं भिंतीला भिंत लागून आहे ती. पोराला विचारा. मग त्याचीच परवानगी घेऊन खिशातला गुळाचा छोटा खडा नातवाच्या हातून तिला द्या. तिळाचा लाडू नको, साधा गूळ. बाजूने जायचं, मागून नाही, आणि आधी तिला हात दिसू द्यायचा. तळहात सपाट, अंगठा चिकटलेला, बोटं मिटायची नाहीत. ती ओठांनीच उचलते. नातवाला थोड्या गुदगुल्या होतील, हात मागे घेऊ नकोस म्हणावं.